घरी शिकून कॉलेजात जाताना: आधी काय, मग काय

दर जून-जुलैत आमच्या कॉलेजच्या प्रवेश खिडकीपाशी असं एखादं लेकरू दिसतं. सोबत वडील, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून मिळवलेली बारावीची गुणपत्रिका. खिडकीतून आवाज येतो, "टीसी कुठाय?" बापलेक एकमेकांकडे पाहत राहतात. मला ते पाहवत नाही. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका खिडकीपाशी मी उभी होते.

माझं गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. संत्र्याची बाग, थोडी तूर-कपाशी आणि महानुभाव पंथाचा कडक आचार पाळणारं घर. पाचवीनंतर बाबांनी मला शाळेतून काढलं. त्यात राग नव्हता. शाळेतल्या प्रार्थना आणि पूजा आमच्या आचारात बसत नव्हत्या, आणि लेकरं आपल्या नजरेखाली वाढावीत असं त्यांना मनापासून वाटत होतं. आबाजींनी पोथीवाचन आणि सूत्रं शिकवली, बाबांनी गणित आणि बागेचा हिशेब. दहावी-बारावी दोन्ही बाहेरून दिली आणि एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा साठ पोरापोरींच्या वर्गात जाऊन बसले. आता एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते.

हा लेख त्या पिशवीवाल्या लेकरांसाठी आहे. घर महानुभाव असो, बालपण वारकरी गुरुकुलात गेलेलं असो की मदरशात, अडचणी पुष्कळशा सारख्याच असतात. त्यातली सर्वांत मोठी ही, की बाकी सगळ्यांना माहीत असलेलं आपल्याला माहीत नसतं आणि विचारायची लाज वाटते. मोठ्यांना प्रश्न विचारणं म्हणजे उलटून बोलणं, असं ज्या घरात मानतात तिथल्या लेकराच्या तर तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर कोणाला काय विचारायचं, ते मी सांगत जाणार आहे.

१. आधी कागद

हे काम निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्ये सुरू करा. जूनमध्ये तहसीलच्या आवारातल्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

पहिला प्रश्न टीसीचा. राज्य मंडळाकडून खाजगी विद्यार्थी म्हणून बसलेल्यांना बारावीच्या कॉलेजचा टीसी मिळत नाही, कारण ते कोणत्याच कॉलेजात नव्हते. तुम्ही शेवटी सोडलेल्या शाळेचा, मग ती पाचवीची जिल्हा परिषद शाळा का असेना, शाळा सोडल्याचा दाखला हाच तुमचा आधार. सतरा नंबरचा फॉर्म भरताना मूळ दाखला संपर्क केंद्राच्या शाळेत जमा केला असेल, तर निकालानंतर आधी तिथे जा. दाखला हरवला असेल तर मूळ शाळेतून दुय्यम प्रत काढा. त्यासोबत मधल्या वर्षांत दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता, असं प्रतिज्ञापत्र लागतं. सेतूवर 'गॅपचं प्रतिज्ञापत्र' एवढं म्हटलं की त्यांना कळतं.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी केली असेल तर त्या संस्थेकडून स्थलांतर आणि बदली यांचं एकत्र प्रमाणपत्र मिळतं. ते जपून ठेवा. मंडळ वेगळं असल्यामुळे विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडूनही कागद पास व्हावा लागतो. ते काम कॉलेजच करून देतं, पण त्याचा फॉर्म भरला का, हे तुम्हीच विचारायचं.

(शाळेचं तोंडही न पाहिलेलं धाकटं भावंड घरी असेल तर त्याच्यासाठी: राज्य मंडळाच्या दहावीच्या खाजगी फॉर्मला निदान पाचवी पास लागते. मुक्त विद्यालयाच्या दहावीला १४ वर्षं पूर्ण झालेलं लेकरू स्वतःच्या घोषणापत्रावर बसू शकतं. हे वेळेवर माहीत नसल्यामुळे वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.)

दुसरं म्हणजे नाव. आधार, दाखला, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं हवं. 'राव' कुठे आहे, कुठे नाही, एवढ्यावरून शिष्यवृत्ती अडकते.

तिसरं, पैसे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढून ठेवा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात आणि पैसा थेट खात्यात येतो. त्यासाठी बँकेत हा प्रश्न विचारा: "माझं खातं डीबीटीसाठी आधारशी सीड केलेलं आहे का?" नुसतं 'आधार जोडलं आहे का' असं विचारलं की 'हो' म्हणतात आणि पैसा मात्र येत नाही. मुलींच्या फी माफीबद्दल गावात बरंच काही सांगितलं जातं. २०२४-२५ पासूनची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी. साध्या बीए-बीकॉमला ती लागू आहे असं धरून चालू नका. त्यासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्या सांभाळणारा बाबू प्रत्येक कॉलेजात एक तरी असतो. त्याचं टेबल पहिल्याच दिवशी शोधून काढा.

खिडकीवर काय बोलायचं ते घरून पाठ करून जा: "मी राज्य मंडळातून खाजगी विद्यार्थी म्हणून बारावी पास आहे. टीसीऐवजी कोणते कागद चालतील ते लिहून द्याल का?" बाबू घाईत असतात. 'चालत नाही' हे तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नका. प्रवेश समितीच्या प्राध्यापकांना भेटा, नाहीच जमलं तर प्राचार्यांना. एका कॉलेजने मला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "आता तू बोल, मी मांगं उभा राहतो." मी बोलले, तेव्हा फॉर्म मिळाला.

२. कॉलेज कोणतं

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. अभ्यासक्रम, परीक्षेच्या तारखा, अर्ज हे सगळं विद्यापीठाप्रमाणे ठरतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या मावसभावाने सांगितलेलं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पहिल्या वर्षी मोठ्या शहरातल्या नामवंत कॉलेजापेक्षा रोज घरी परतता येईल असं तालुक्याचं कॉलेज बरं, असं माझं मत आहे. वर्ग लहान असतो, सर-मॅडमना नाव माहीत होतं. एकदम सगळंच बदललं की माणूस गांगरतो. पण घरात राहून अभ्यास अशक्यच असेल, तर वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबतच करा.

एसटीचं वेळापत्रक पाहून मगच निर्णय घ्या. गावात मुक्कामी गाडी येते का, ती सकाळी किती वाजता सुटते, शेवटचा तास संपल्यावर परतीची गाडी मिळते का, हे सगळं आधी बघा. विद्यार्थ्यांच्या पासात ६६.६७ टक्के सवलत असते. बोनाफाईड प्रमाणपत्र घेऊन आगारात जायचं. 'बोनाफाईड' म्हणजे तुम्ही या कॉलेजचे विद्यार्थी आहात असा कॉलेजचा कागद. तो ऑफिसातून मिळतो. हा शब्द मला पहिल्या वर्षी कोणी सांगितला नाही आणि महिनाभर मी पूर्ण तिकीट काढत होते.

३. पहिले पंधरा दिवस

शाळेत गेलेल्या मुलांना अंगवळणी पडलेल्या कितीतरी गोष्टी आपल्याला कोणी शिकवलेल्याच नसतात. हजेरीच्या वेळी उभं राहायचं नाही. बसल्या जागेवरून 'येस सर' किंवा 'हजर' म्हणायचं. तासाला उशीर झाला तर दारात थांबून 'येऊ का सर' विचारायचं. दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून घ्यायचं असेल तर वही मागायची, दुसऱ्या दिवशी परत करायची.

मी पहिल्या तासाला, घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना करतात तसं, उभं राहून हात जोडून सरांना 'दंडवत प्रणाम' म्हटलं. वर्ग हसला. सरांनी हात जोडून 'नमस्कार, बसा' म्हटलं आणि शिकवायला सुरुवात केली. पण माझ्या कानात ते हसूच भरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिले. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा बाजूच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "कोन्या शाळेतली होय व तू? काल काऊन नाई आली?" तिच्या दृष्टीने ते हसू केव्हाच संपलं होतं. तुमच्याही वाट्याला असा दिवस येईल. दुसऱ्या दिवशी मात्र जा.

'घरी शिकले' हे सांगायची पाळी वारंवार येते. लपवू नका आणि लांबवूही नका. 'पाचवीपर्यंत शाळा, मग घरी, दहावी-बारावी बाहेरून' एवढं पुरतं. पुढचं ज्याला हवं तो विचारतो.

आता थोडं यंत्रणेबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचा हिशेब श्रेयांकांत होतो. लोक क्रेडिटच म्हणतात. तासांच्या विषयात १ क्रेडिट म्हणजे १५ तास, आणि एका सत्रात साधारण २२ क्रेडिट. मुख्य विषयाशिवाय एक खुला विषय दुसऱ्या शाखेतून घ्यावा लागतो. मराठी घेतलेल्यांनाही वाणिज्य किंवा विज्ञानाकडचं काहीतरी शिकावं लागतं. घाबरू नका, पण यादी लागली की लगेच नाव नोंदवा, कारण सोप्या विषयांच्या जागा आधी भरतात. तुमचे क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याला एबीसी आयडी म्हणतात. तो डिजीलॉकरवरून आधारच्या मदतीने निघतो. घरी साधा फोन असेल तर कॉलेजच्या संगणक खोलीत काढून मागा.

हजेरी ७५ टक्के लागते. शेतीच्या घरात कापूस वेचणीच्या दिवसांत ती घसरते. घसरायच्या आधी वर्गशिक्षकांना भेटून सांगा. परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो, फी वेगळी, तारीख वेगळी. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला आपोआप बसता येतं असं मला वाटत होतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात नाव घालून घ्या. फोन नसेल तर सूचना फलक रोज वाचा आणि एका मैत्रिणीला किंवा मित्राला सांगून ठेवा.

४. वर्गात शिकणं आणि घरी शिकणं

घरी शिकलेल्यांजवळ एक मोठी ठेव असते. एकट्याने तासन् तास बसून वाचायची सवय. पाठांतर. जुन्या मराठीची ओळख. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेराव्या शतकातलं गद्य म्हणजे परकी भाषा वाटते, तुमच्या कानावर ते लहानपणापासून पडलेलं असतं.

कमी पडतं ते लिहिण्याच्या वेगात. घरी घड्याळ लावून उत्तरं लिहिलेली नसतात. मी पहिल्या घटक चाचणीत दोन उत्तरं सुंदर लिहिली आणि तीन कोरी सोडली. यावर उपाय एकच. ग्रंथालयातून गेल्या उन्हाळी-हिवाळी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि रविवारी घड्याळ समोर ठेवून एक पूर्ण सोडवा. चार रविवारांत हात सुटतो.

दुसरं, प्रश्न विचारणं. घरी गुरूसमोर मान खाली असते. वर्गात मान खाली घालून बसलेल्याला समजलं असं धरलं जातं. मला वाटायचं, विचारलं तर सरांचा अपमान होईल. मग एक दिवस आमच्याच परंपरेतली महदाइसा आठवली. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामींना सतत काही ना काही विचारत राहणारी म्हणूनच ती पंथात ओळखली जाते, आणि तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. तिच्या प्रश्नांना उत्तरं मिळाली, ती लिहून ठेवली गेली, म्हणून आज आपल्यापर्यंत पोहोचली. तिला चाललं तर मलाही चालेल, असं म्हणून मी हात वर केला. हात थरथरत होता. प्रश्न काय होता ते आता आठवत नाही.

सगळ्यांसमोर जमत नसेल तर तास संपल्यावर सरांच्या मागे दोन पावलं जाऊन विचारा. शिकवणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. मी आता त्या बाजूला आहे म्हणून खात्रीने सांगते, त्या दोन पावलांची आम्ही वाट पाहत असतो.

५. डबा, प्रसाद, पूजा

इथे बहुतेकांची पहिली घालमेल होते. कॉलेजात गणपती बसतो, कार्यक्रमाच्या आधी सरस्वतीच्या प्रतिमेला हार घालतात, कोणी देवाचा प्रसाद आणतं. आमच्या आचारात अन्य देवतांची पूजा नाही, प्रसादही नाही. मुस्लिम, ख्रिस्ती घरांतल्या लेकरांपुढेही हाच प्रश्न येतो.

पहिली गोष्ट कायद्याची. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक पूजेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे मनात असू द्या, पण बोलताना पुढे करायची गरज फार क्वचित पडते. मला पहिल्या वर्षी स्वागत समारंभात प्रतिमापूजनाला बोलावलं. मी आदल्या दिवशी मॅडमना भेटून म्हटलं, "मी सूत्रसंचालन करीन, रांगोळी काढीन, पण हार घालणं आमच्यात नाही." त्या म्हणाल्या, "मग सूत्रसंचालन तूच कर." तेवढ्यावर मिटलं. ऐन वेळी स्टेजवर नकार दिला असता तर त्यांना अवघड झालं असतं आणि मलाही. राष्ट्रगीताची गोष्ट वेगळी. तिथे सगळ्यांसोबत उभं राहायचं.

प्रसाद नाकारताना तोंड फिरवू नका. "आमच्यात घेत नाहीत, पण चल, चहा घेऊ" असं म्हणा आणि खरंच चहा घ्या. डब्याचंही तसंच. शाकाहार कडक असेल तर कोणाच्या डब्यातलं काय चालतं, ते आधी सांगून ठेवा. अमरावतीला कोणी गिला वडा खायला नेला तर अंडी तळलेल्या तेलात तो तळलेला नाही ना, हे विचारायला हरकत नाही.

पण एक गोष्ट मी जोर देऊन सांगते. पदार्थ नाकारणं वेगळं आणि माणूस नाकारणं वेगळं. सोवळ्याच्या नावाखाली अमक्या जातीच्या हातचं पाणी नको, असं घरातून कोणी सांगितलं असेल तर ते कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून या. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. आणि ज्या चक्रधर स्वामींचं नाव आम्ही घेतो त्यांनी जातिभेद मानला नाही, हे आमच्याच ग्रंथांत आहे. माझी पहिली मैत्रीण बौद्ध घरातली. ती भेटल्यावर 'जय भीम' म्हणायची, मी 'दंडवत प्रणाम' म्हणायचे. दोघी एकाच डब्यात भाकरी खायचो. दर दसऱ्याला ती घरच्यांसोबत दीक्षाभूमीला जायची. तिच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतलेली, त्या दिवसाच्या गोष्टी ती मला सांगायची, मी तिला आमच्या पंथाच्या तीर्थाच्या, रिद्धपूरच्या सांगायची.

सणवारांचं पण आधीच पाहून ठेवा. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला चक्रधर स्वामींचा अवतारदिन. त्या सुमारास घटक चाचणी असेल तर पंधरा दिवस आधी विचारून ठेवायचं. आदल्या संध्याकाळी सांगितलं की कोणाच्याच हातात काही राहत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. दोन वर्षांत २४० तास काम असतं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात स्वयंपाक सगळे मिळून करतात, त्यामुळे ताटात काय येणार हे डोळ्यांसमोर असतं. बंधारा बांधताना, नाली साफ करताना शेतात राबलेले हात कामी येतात. वर्गात गप्प बसणाऱ्या लेकराला शिबिरात पोरं कामासाठी हाक मारू लागतात, हे मी दरवर्षी पाहते.

६. आपली पोथी अभ्यासक्रमात येते तेव्हा

मराठी विषय घेतलात तर लीळाचरित्र येणारच. म्हाइंभटांनी साधारण १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात संकलित केलेला चक्रधर स्वामींच्या आठवणींचा (एकेक आठवण म्हणजे एक लीळा) हा ग्रंथ मराठी गद्याचा पाया मानला जातो. आमच्या घरी पोथी कापडात गुंडाळलेली असायची. हात धुतल्याशिवाय कोणी तिला हात लावत नसे, ती जमिनीवर कधी ठेवली जात नसे. वर्गात तिच्या पानांची झेरॉक्स बाकाखाली पडलेली होती, त्यावर कोणाच्या तरी चपलेचा ठसा होता. सर बोलताना नुसतं 'चक्रधर' म्हणत होते. पुढे 'स्वामी' नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पान उचलून पिशवीत ठेवलं.

आज मी त्याच जागी उभी राहून तोच ग्रंथ शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते. विद्यापीठात ग्रंथ दुसऱ्या डोळ्यांनी वाचतात. भाषा कशी आहे, वाक्यं किती लहान आहेत, त्या काळचा बाजार, खाणंपिणं, कपडे काय दिसतात, एका हस्तलिखितात एक शब्द आणि दुसऱ्यात दुसरा का, हे तिथले प्रश्न. हस्तलिखितांमधल्या अशा फरकाला पाठभेद म्हणतात. 'पाठभेद आहे' म्हणजे 'ग्रंथ खोटा आहे' असा अर्थ नाही. हाताने नकला करताना शतकानुशतकं असं होतच आलं आहे. आमच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या, त्या विसाव्या शतकात बाहेरच्या अभ्यासकांपुढे उघडल्या. डॉ. वि. भि. कोलते जन्माने पंथाचे नव्हते, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी महानुभाव वाङ्मयात घालवला. मतभेद त्यांच्याशीही झाले. पण कोणी परका माणूस आपल्या घरच्या पोथीसाठी इतका वेळ देतो, हे कळल्यावर माझा राग उतरला.

परीक्षेत प्रश्न 'गद्यशैलीची वैशिष्ट्ये' असा असेल तर उत्तर गद्यशैलीचं लिहा. श्रद्धा लिहिली तर गुण जातात. तिथे ती न लिहिल्याने ती कमी होत नाही. सरांचं काही बोचलं तर तास संपल्यावर सांगा: "सर, आमच्या घरी हे असं मानतात." मी सांगितलं, तेव्हा सरांनी मला पुढच्या तासाला एक लीळा मोठ्याने वाचायला लावली, आबाजी वाचत तशी. वर्ग शांत होता.

इतर धर्मांच्या लेकरांनाही इतिहासात, समाजशास्त्रात हे भेटेल. आपल्या धर्माबद्दल बाहेरचा माणूस बोलताना ऐकणं सुरुवातीला जड जातं. शेवटपर्यंत ऐका, मग विचारा.

७. मुलंमुली, मोबाइल, आणि मन जड होतं तेव्हा

घरी परक्या मुलाशी बोलायची मुभा नव्हती आणि वर्गात बाजूला मुलगा बसतो. नोट्सबद्दल, कामाबद्दल सरळ बोला. तेवढ्याने काही बिघडत नाही. कोणी गोड बोललं म्हणजे त्याच्यासाठी सगळं सोडून द्यायचं असं नसतं, आणि कोणी त्रास दिला तर ती तुमची चूक नसते. प्रत्येक कॉलेजात २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असतात, ती वाचून ठेवा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक देशभर चालतो. स्वतःचे फोटो कोणालाही पाठवू नका, कितीही विश्वास असला तरी.

पहिलं वर्षभर कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. श्रद्धेबद्दलही नाही. काही मुलं सहा महिन्यांत नामस्मरण, उपवास, घरचा वेष सगळं टाकून देतात. काही घाबरून दुप्पट कडक होतात आणि कोणाशी बोलतच नाहीत. दोघांचेही हाल होताना मी पाहिले आहेत. जे पाळावंसं वाटतं ते पाळा. जिथे शंका आहे ती वहीत लिहून ठेवा, तारीख टाका, वर्षाने परत वाचा.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आपण कुठलेच नाही असं सारखं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. देवावरचा विश्वास कमी पडला म्हणून असं होतं, हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

८. घर

आईवडिलांना भीती असते की लेकरू हातचं जाईल. ती भीती खोटी ठरवायच्या भरात त्यांच्यापासून सगळं लपवू नका. तासांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवा. परतीची गाडी कोणती ते आईला पाठ करून द्या. एखाद्या मैत्रिणीला दिवाळीच्या सुटीत घरी आणा. पाहिलेल्या माणसाची भीती निम्मी होते. मधेच कॉलेज सोडवायची गोष्ट निघाली तर घरच्यांना ज्यांचा मान आहे असं माणूस मधे घाला, काका, मामा, आश्रमातले बाबा. वर्गशिक्षकांनाही घरी येऊन बोलायला सांगता येतं. मी अशी चार घरं फिरले आहे, त्यांतली तीन लेकरं परत आली. आणि घरी मारहाण होत असेल किंवा अठराच्या आत लग्न लावत असतील तर हे समजुतीचं प्रकरण नाही. मुलींसाठी १८१, कोणासाठीही ११२, अठराखालच्यांसाठी १०९८.

माझ्या बाबांनी वर्षभर कॉलेजबद्दल एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी ओसरीवर बसून नोट्स उतरवत होते. ते बागेतून आले, हात धुतले, आणि उभ्यानेच माझी वही वाचू लागले. 'पाठभेद' या शब्दावर थांबले. मी समजावलं. ते काही न बोलता आत गेले आणि आबाजींची पोथी घेऊन आले, कापड सोडलं, तीच लीळा काढली. आम्ही दोघं ओळ ओळ लावत गेलो. एका जागी एक शब्द वेगळा निघाला.

"यातला खरा कोन्ता?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही. सोमवारी सरांना विचारते."

"विचार," ते म्हणाले. "आन् मले बी सांगजो."